मोटर चालू झाली की व्होल्टेज कुठे जातो? व्होल्ट, अँपिअर आणि ओहमचा हिशेब मोजून पाहण्याची रीत

जत-आटपाडीकडची बोअर असो की कृष्णाकाठचा मळा, सिंगल फेज सबमर्सिबलच्या पॅनलवर एक गोष्ट रोज दिसते. खटका दाबण्याआधी काटा २३० वर असतो. मोटर धरली की तो १७८ वर येतो आणि मोटर बंद केली की पुन्हा २३० वर जाऊन बसतो. बहुतेक जण "लाइट कमी आहे" म्हणतात आणि विषय सोडून देतात. दोन हंगामांनी मोटर जळते, ती भरून आणायचा खर्च होतो आणि भरून आणलेली मोटरही त्याच केबलवर पुन्हा जळते.

मधले ५२ व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होत असतात. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) वीजमीटरपर्यंतच्या तारेत, वीजमीटरपासून पॅनलपर्यंतच्या केबलीत, की एखाद्या सैल स्क्रूखाली, हे पंधरा-वीस मिनिटांत मोजून काढता येते. त्यासाठी एक मल्टिमीटर, एक क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) आणि एकच सूत्र पुरते. सूत्र जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये मांडलेले आहे:

व्होल्ट = अँपिअर × ओहम

शाळेत हे सगळेच शिकतात. अडचण येते ती सूत्र लावताना, कारण कोणते व्होल्ट घ्यायचे हे ठरवलेले नसते. सूत्रातले व्होल्ट म्हणजे सर्किटच्या ज्या तुकड्याचे ओहम घेतले, त्याच तुकड्याच्या दोन टोकांमधले व्होल्ट. केबलचे ओहम घेतले तर करंटने गुणून येणारे व्होल्ट केबलने खाल्लेले असतात, मोटरला मिळालेले नसतात. पुरवठ्याच्या २३० व्होल्टमध्ये सर्किटमधला प्रत्येक तुकडा आपापल्या रोधाप्रमाणे, म्हणजे ओहमप्रमाणे, वाटा घेतो. जाणारी तार, येणारी तार, फ्यूज, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट, जोड, सगळ्यांचे वाटे वजा जाऊन जे उरते ते मोटरचे.

आणि करंट शून्य असेल तर प्रत्येकाचा वाटाही शून्य. मोटर बंद असताना कितीही बारीक केबलच्या शेवटी पूर्ण २३० दिसतात ते यामुळेच. ठिबकच्या मेन पाइपला दोन टोकांना दोन प्रेशर गेज लावा. व्हॉल्व्ह बंद असेल तर दोन्ही सारखेच दाखवतात, पाणी वाहू लागले की लांबचा गेज खाली येतो. तारेतही तसेच घडते. म्हणून लोडशिवाय घेतलेले व्होल्टेजचे रीडिंग केबलबद्दल काहीच सांगत नाही. मोजायचे ते मोटर चालू असताना.

आधी १२ व्होल्टवर करून पाहा

२३० व्होल्टवर हात लावण्याआधी हेच सगळे टेबलावर बॅटरीवर करा. सातारा, कराड, सांगली, मिरज कुठेही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सामान मिळते: यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, १० ओहम ५ वॉटचा एक आणि ४७ ओहम ५ वॉटचे दोन रेझिस्टर (पांढरे, चौकोनी, सिमेंटचे मिळतात ते), ५ अँपिअरचा गाडीतला फ्यूज होल्डरसकट, आणि ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब. पाव वॉटचे छोटे रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर इथे चालत नाहीत. ४७ ओहमवर १२ व्होल्ट दिले की त्यात तीन वॉटच्या वर उष्णता होते, पाव वॉटचा रेझिस्टर काही सेकंदांत धूर काढतो. ५ वॉटचाही चांगला तापतो, चालू असताना बोटाने धरू नका.

फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाला अगदी लागून जोडा. ही बॅटरी छोटी दिसते, पण तिचा आतला रोध इतका कमी असतो की दोन टोके चुकून जुळली तर तार लाल होते. हातातली अंगठी, कडे काढून ठेवा.

आता १० ओहम आणि ४७ ओहम एकामागे एक जोडा. १० ओहमचा रेझिस्टर म्हणजे आपली केबल, ४७ ओहमचा म्हणजे मोटर. चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवेल. एकूण रोध ५७ ओहम, म्हणून करंट १२.६ ÷ ५७ = ०.२२ अँपिअर. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून प्रत्येक रेझिस्टरच्या दोन टोकांवर प्रोब लावा. १० ओहमवर सुमारे २.२ व्होल्ट आणि ४७ ओहमवर सुमारे १०.४ व्होल्ट दिसतील. बेरीज १२.६. थोडा फरक पडेल, कारण या रेझिस्टरची किंमत छापल्यापेक्षा पाच-दहा टक्के इकडेतिकडे असते.

मग ४७ ओहमचा रेझिस्टर काढून टाका आणि १० ओहमच्या मोकळ्या टोकापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा. पूर्ण १२.६ व्होल्ट येतात. १० ओहम वाटेत तसाच आहे, तरी वाटा शून्य, कारण करंटच नाही. पॅनलवरचा मोटर बंद असतानाचा २३० चा काटा हाच.

आता ४७ ओहम परत जोडा आणि दुसरा ४७ ओहमचा त्याला समांतर लावा, म्हणजे दोघांची दोन्ही टोके एकत्र. हा शेजारच्या रानातला पंप झाला. दोन ४७ समांतर म्हणजे २३.५ ओहम. एकूण ३३.५, करंट ०.३८ अँपिअर. १० ओहमचा वाटा २.२ वरून ३.८ व्होल्टवर गेला आणि पहिल्या ४७ ला १०.४ ऐवजी ८.८ व्होल्टच उरले. पहिल्या रेझिस्टरमध्ये आपण काहीही बदल केला नाही. एकाच लाइनवर शेजाऱ्याची मोटर चालू झाली की आपली मंदावते, त्याचे गणित एवढेच आहे: दोघांचा करंट एकाच तारेतून येतो आणि त्या तारेचा वाटा दोघांच्या करंटवर ठरतो.

बल्ब कशाला आणला? सूत्रातले ओहम दर वेळी एकच राहत नाहीत हे पाहण्यासाठी. थंड बल्बचा रोध मीटरने मोजला तर एका ओहमच्याही खाली येईल. १२ व्होल्टवर तो पेटलेला असताना सुमारे १.७५ अँपिअर घेतो, म्हणजे ६.९ ओहम. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध दहा पटीने वाढतो. तांबे आणि अ‍ॅल्युमिनिअमही तापल्यावर रोध वाढवतात, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. एप्रिल-मेच्या उन्हात बांधावर पडलेली केबल ६० अंशांपर्यंत तापली, तर २० अंशांच्या मानाने तिचा रोध सुमारे १६ टक्के जास्त असतो. मार्चमध्ये कशीबशी धरणारी मोटर मेमध्ये धरत नाही, त्यात याचाही हात असतो.

मीटर कसा लावायचा

व्होल्ट मोजताना मीटर तुकड्याच्या दोन टोकांवर, बाहेरून लावायचा. करंट मोजताना सर्किट तोडून मीटर मध्ये घालायचा. ओहम मोजताना पुरवठा पूर्ण बंद आणि तो तुकडा सर्किटमधून किमान एका टोकाने सुटा हवा. चालू लाइनवर ओहमचा रेंज लावला तर मीटर जातो.

सर्वात घातक चूक वेगळी आहे. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात तसाच राहतो आणि नंतर त्याच मीटरने कोणी २३० व्होल्ट मोजायला जातो. करंटच्या रेंजमध्ये मीटरचा रोध जवळपास शून्य असतो, त्यामुळे ते थेट शॉर्ट सर्किट होते. स्वस्त पिवळ्या मीटरमध्ये १० अँपिअरच्या वाटेत बहुधा फ्यूजही नसतो, मीटर हातात फुटू शकतो. म्हणून एक शिस्त पाळा: २३० व्होल्टच्या लाइनवर मल्टिमीटरने करंट मोजायचाच नाही. त्यासाठी क्लॅम्प मीटर घ्या, तार तोडावी लागत नाही. क्लॅम्पमध्ये एकच तार घालायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घातल्या की जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडून काढतो आणि रीडिंग शून्य येते. पुष्कळ जण इथेच "मीटर खराब आहे" म्हणून तो परत करतात.

कमी रोध मोजताना साधा मल्टिमीटर फसवतो. प्रोब एकमेकांना टेकवले तरी तो ०.२ ते ०.५ ओहम दाखवतो, तो त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध. केबलच्या जोडाचा रोध याच्यापेक्षा कितीतरी लहान असतो, त्यामुळे ओहमच्या रेंजवर जोड तपासणे निरर्थक आहे. कंटिन्युइटीचा बझर तर पन्नासेक ओहमलाही वाजतो. बझर वाजला म्हणून जोड चांगला, असे कधीही धरू नका.

लहान रोध मोजायचा असेल तर त्यातून करंट सोडा आणि त्याने किती व्होल्ट खाल्ले ते पाहा. हीच रीत वापरून नवीन वायरचे भेंडोळेही तपासता येते. तांब्याच्या तारेसाठी एक सोपा आडाखा लक्षात ठेवा: १८ ला स्क्वेअर एमएमने, म्हणजे तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळाने, भागले की एका किलोमीटरचे ओहम मिळतात. अ‍ॅल्युमिनिअमसाठी १८ च्या जागी ३० घ्या. २.५ स्क्वेअर एमएम तांब्याचे ९० मीटरचे भेंडोळे म्हणजे १८ ÷ २.५ × ०.०९ = ०.६५ ओहम. बॅटरी, फ्यूज, २१ वॉटचा बल्ब आणि हे भेंडोळे एकामागे एक जोडा. बल्बमुळे करंट सुमारे १.७ अँपिअरवर राहतो, तो मीटरने १२ व्होल्टवर बिनधास्त मोजा, फक्त दहा सेकंदांच्या वर नको. मग मीटर व्होल्टवर आणून, प्रोब परत नेहमीच्या भोकात घालून, भेंडोळ्याच्या दोन टोकांवर मोजा. तार खरी असेल तर १.१ व्होल्टच्या आसपास यायला हवे. १.८ व्होल्ट आले तर रोध १.०६ ओहम, म्हणजे तांबे जेमतेम १.५ स्क्वेअर एमएमचे आहे आणि वर २.५ छापले आहे. वजनावर किंवा प्लॅस्टिकच्या जाडीवर जाऊ नका, जाड प्लॅस्टिकमध्ये बारीक तांबे सहज लपते.

रानातल्या केबलचा हिशेब

आता पहिल्या काट्याकडे येऊ. १.५ एचपी सिंगल फेज मोटर, पूर्ण व्होल्टेजवर सुमारे १० अँपिअर. मीटरपासून मोटरपर्यंत ३०० मीटर, केबल २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून लांबी ६०० मीटर धरायची. ही दुप्पट विसरणे ही सर्रास होणारी चूक. आणि बोअरमध्ये उतरलेली केबलही लांबीत येते. चारशे फुटांवर मोटर सोडली असेल तर ती १२० मीटर केबल जमिनीखाली आहे म्हणून रोध कमी होत नाही.

६०० मीटरचा रोध: १८ ÷ २.५ × ०.६ = ४.३ ओहम. १० अँपिअरला ४३ व्होल्ट गेले, उरले १८७.

इथे एक प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. सूत्राप्रमाणे व्होल्टेज कमी झाला की करंटही कमी व्हायला हवा. पाणी तापवायच्या १००० वॉटच्या रॉडचे तसेच होते. त्याचा रोध ५३ ओहम, २३० व्होल्टवर तो ४.३ अँपिअर घेतो आणि १८० व्होल्टवर ३.४. वॉट १००० वरून ६१० वर येतात, पाणी उशिरा तापते, बिघडत काही नाही. मोटर उलट वागते. तिच्यावर पाण्याचा भार तेवढाच असतो, ती थोडी मंदावते आणि तेच काम कमी व्होल्टेजवर करण्यासाठी जास्त करंट ओढते. फिरत्या मोटरच्या वाइंडिंगमध्ये पुरवठ्याच्या विरोधात एक व्होल्टेज तयार होत असतो आणि तोच करंटला आवरतो. फिरणे मंदावले की हा आवर सैल होतो. म्हणून मोटरला ठरावीक ओहमचा तुकडा समजून सूत्र लावता येत नाही. केबलला मात्र नेहमी लावता येते.

१० चे १२ अँपिअर झाले की केबल ५२ व्होल्ट खाते आणि मोटरला १७८ उरतात. काटा जिथे थांबला होता तोच हा आकडा. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: १० चे १२ झाले म्हणजे उष्णता ४४ टक्के जास्त. मोटर याने जळते. केबलमध्ये जाणारी वीजही १२ × १२ × ४.३, म्हणजे ६२० वॉट आहे. सहा तासांच्या पाळीत ३.७ युनिट फक्त बांध तापवण्यात गेले आणि मीटरने ते मोजले.

सुरुवातीचा क्षण त्याहून वाईट. थांबलेली मोटर फिरत नसल्यामुळे तिच्यात उलटा व्होल्टेज नसतो, ती ठरावीक रोधासारखी वागते आणि पूर्ण व्होल्टेजवर ४० अँपिअरच्या आसपास मागते, म्हणजे जवळपास ५.८ ओहम. त्याच्यामागे केबलचे ४.३ ओहम जोडले की एकूण १०.१. करंट २२.८ अँपिअर आणि मोटरला मिळाले फक्त १३१ व्होल्ट. हा ढोबळ हिशेब आहे, मोटरच्या कॉइलचा परिणाम धरला तर आकडा थोडा बदलेल. पण सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणून १३१ व्होल्टवर तो एक तृतीयांशच राहतो. मोटर नुसती हुम्म करते आणि धरत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा खटका दाबणे म्हणजे वाइंडिंगला दर वेळी २२ अँपिअर देणे. तीन-चार सेकंदांत धरली नाही तर बंद करा आणि कारण शोधा. कारण प्रत्येक वेळी केबलच असते असेही नाही: पॅनलमधला स्टार्ट कंडेन्सर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा) उतरला तरी मोटर अशीच हुम्म करते. सुरू होताना पॅनलवर व्होल्टेज फारसा पडत नसेल आणि तरी मोटर धरत नसेल, तर आधी कंडेन्सर बदलून पाहा. बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो, टोकांना हात लावण्याआधी एक-दोन किलोओहमचा रेझिस्टर काही सेकंद टेकवून तो उतरवा.

उपाय जाड केबलचा. त्याच ३०० मीटरला ६ स्क्वेअर एमएम तांबे घातले तर रोध १.८ ओहम, १० अँपिअरला १८ व्होल्ट जातात, उरतात २१२. १० स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनिअम घातले तरी नेमके तेवढेच, आणि ते बरेच स्वस्त पडते. १६ स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनिअमला ११ व्होल्ट जातात, उरतात २१९. आमच्या मते लांब अंतराला अ‍ॅल्युमिनिअमच घ्यावे, पण टोकांचे जोड नीट करण्याची तयारी असेल तरच, त्याबद्दल खाली. मोटरच्या नावपट्टीवर व्होल्टेजचा पल्ला छापलेला असतो, पुरवठा घसरलेल्या वेळीही आपण त्या पल्ल्यात राहू एवढी जाडी धरा.

थ्री फेज मिळत असेल तर हे दुखणे खूप कमी होते. ५ एचपी, ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर, तेच ३०० मीटर, ४ स्क्वेअर एमएम तांबे: एका तारेचा रोध १.३५ ओहम, फेज ते फेज घट १.७३ × ७.५ × १.३५ = १७.५ व्होल्ट, म्हणजे जेमतेम ४ टक्के. मोटर तिप्पटीहून मोठी, करंट कमी. व्होल्टेज जास्त असेल तर तेवढ्याच वॉटना कमी करंट लागतो आणि तारेतली हानी करंटच्या वर्गाने घटते. पाटण तालुक्यातल्या कोयनेची वीज २२० आणि ४०० किलोव्होल्टवर बाहेर जाते आणि गावच्या डीपीपर्यंत ११ किलोव्होल्टवर येते, ते याच गणिताने. डीपीत ती ४३३ व्होल्टवर उतरली की पुढे प्रत्येक मीटर तार महाग पडते. डीपी मळ्याच्या जवळ आणण्यासाठी भांडण्यात अर्थ आहे तो त्यासाठीच.

नेमका चोर शोधणे

इथून पुढे २३० व्होल्ट आहेत. ओल्या मातीत, ओल्या हाताने, अनवाणी हे करू नका. कोरडी फळी किंवा रबरी मॅट पायाखाली, चांगल्या इन्सुलेशनचे प्रोब, शक्य तिथे एक हात मागे. स्क्रू, जोड, वायर यांना हात लावायचा तर मेन बंद करून, टेस्टरने आणि मीटरने दोन्ही रीतींनी खात्री करूनच. सवय नसेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा आणि ही मोजमापे त्याच्याकडून करून घ्या. खांबावर आणि डीपीत तर कोणीच चढायचे नाही.

पहिले रीडिंग वीजमीटरच्या पुढच्या मेन स्विचवर, मोटर बंद आणि मोटर चालू. समजा बंदला २३२ आणि चालूला २२८. चार व्होल्ट तुमच्या मीटरच्या मागे गेले, ते मान्य करण्यासारखे आहे. हेच जर २३२ वरून २०० वर येत असेल, किंवा मोटर बंद असतानाच १९० असेल, तर दोष मागच्या लाइनचा. तुमच्या केबलवर पैसे घालून तो जाणार नाही. दिवसाची वेळ आणि दोन्ही रीडिंग चार-पाच दिवस लिहून काढा, १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि त्या आकड्यांसह लेखी अर्ज द्या. "लाइट कमी येते" या वाक्यापेक्षा तारीखवार आकड्यांचा अर्ज मागे टाकणे अवघड असते.

मीटरशी ठीक असेल तर दुसरे रीडिंग पॅनलच्या आत, पुरवठा येतो त्या टोकांवर, मोटर चालू ठेवून. क्लॅम्पने त्याच वेळी अँपिअर घ्या. मेन स्विचवर २२८ आणि पॅनलवर १८५ असेल, करंट ११ असेल, तर मधल्या वाटेचा रोध ४३ ÷ ११ = ३.९ ओहम. आता आडाख्याने केबलचा रोध काढा. तो ३.८ येत असेल तर केबल बारीक आहे, बदलावी लागेल. तो २ येत असेल आणि मोजून ३.९ मिळत असेल, तर उरलेले १.९ ओहम एखाद्या जोडात बसले आहेत आणि केबल बदलण्याची गरजच नाही. या एका भागाकाराने हजारो रुपये वाचतात.

जोड शोधण्यासाठी मोटर चालू ठेवून एकाच तारेवरच्या दोन बिंदूंवर प्रोब लावायचे: फ्यूजच्या अलीकडे आणि पलीकडे, एमसीबीच्या (जास्त करंटला आपोआप पडणारा खटका) वर आणि खाली, स्टार्टरच्या कॉन्टॅक्टच्या दोन्ही बाजूंना. मीटर आधी सर्वात वरच्या एसी रेंजवर ठेवा, कारण मोजताना फ्यूज गेला तर त्याच दोन बिंदूंवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. आकडा लहान दिसला की रेंज खाली आणा. चांगला कॉन्टॅक्ट व्होल्टचा दहावा भागही खात नाही. एक व्होल्ट दिसला तरी संशय घ्या. दोन व्होल्ट आणि १० अँपिअर म्हणजे एका स्क्रूखाली २० वॉट उष्णता, आणि ती बाहेर पडायला जागा नाही. किटकॅट फ्यूजची पितळी पात ओढून पाहा: चांगली पात पिवळी, चकचकीत असते. तापलेली पात तपकिरी-जांभळी पडते, स्प्रिंग गेलेली असते, चिनी मातीला भेग असते आणि आत शिरणाऱ्या वायरचे प्लॅस्टिक बोटभर लांबीपर्यंत कडक, काळे झालेले असते. अशी पात घासून परत बसवू नका. स्प्रिंग गेली की दाब गेला, ती पुन्हा तापणारच. होल्डर बदला.

सर्वात जास्त चोरी तांबे-अ‍ॅल्युमिनिअमच्या जोडात होते. अ‍ॅल्युमिनिअमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना खातात, पांढरी भुकटी दिसते ती त्याचीच. शिवाय अ‍ॅल्युमिनिअम तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगते, थंड झाल्यावर जोड सैल होतो, सैल जोडाचा रोध वाढतो, तो आणखी तापतो. पाटण-जावळीकडच्या पावसात पिळून टेप लावलेला असा जोड एका पावसाळ्यात निकामी होऊ शकतो. योग्य रीत म्हणजे बायमेटल लग किंवा फेरूल (दोन धातू जोडणारी टोपी किंवा नळी): अ‍ॅल्युमिनिअमची तार ब्रशने घासून लगेच जोडाचे ग्रीस लावायचे, लग क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबायचा, आणि वरून हीट श्रिंक. साध्या पक्कडीने चेपलेला लग हा क्रिम्प नव्हे.

एक सवय मात्र आजच सोडा: न्यूट्रल तुटला किंवा कमी पडला म्हणून अर्थिंगची सळई किंवा बोअरचा केसिंग पाइप न्यूट्रल म्हणून वापरणे. साध्या सळईचा जमिनीशी रोध २० ओहम सहज असतो, उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत त्याहून पुष्कळ जास्त. १० अँपिअरची मोटर त्यावर चालणार नाही, पण नुसता बल्ब चालतो आणि माणसाला वाटते जमले. त्याच सळईवर फेज थेट टेकला तरी करंट २३० ÷ २० = ११.५ अँपिअरच होतो. १६ अँपिअरचा फ्यूज त्याने उडत नाही, आणि सळईभोवतीची जमीन, पाइप, मोटरचा सांगाडा जिवंत राहतो. ओल्या माणसाचा रोध एक-दीड हजार ओहम धरला तर २३० व्होल्टवर दीडशे मिलिअँपिअरच्या वर जातात, जीव जायला त्याहून पुष्कळ कमी पुरतात. फ्यूज आणि एमसीबी तार वाचवतात. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागताच लाइन तोडणारा खटका) लागतो, तो पॅनलच्या आधी बसवाच. बसवल्यावर तो सारखा उडत असेल तर काढून टाकू नका, केबलचे इन्सुलेशन कुठे गेले ते शोधा.

कमी व्होल्टेजवर स्टॅबिलायझर किंवा ऑटोट्रान्सफॉर्मर लावणारे बरेच आहेत. तो १८० चे २२० करतो खरा, पण मोटरला २२० वर १० अँपिअर देण्यासाठी मागून १२.२ अँपिअर ओढतो. केबल बारीक असेल तर तिचा वाटा आणखी वाढतो, इनपुट आणखी खाली येतो आणि तो स्वतःही तापतो. मागची लाइनच कमजोर असेल आणि दुसरा इलाज नसेल तर तो ठीक. आपल्या केबलचा दोष झाकण्यासाठी तो घेऊ नका.

दुरुस्ती झाली की तीच तीन रीडिंग पुन्हा घ्या: मेन स्विचवर चालू मोटरचे व्होल्ट, पॅनलवर चालू मोटरचे व्होल्ट, आणि अँपिअर. पॅनलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह मार्करने लिहून ठेवा. पुढच्या हंगामात पहिल्या दोन आकड्यांतला फरक अँपिअरने भागा. ओहम तेच आले तर जोड शाबूत आहेत, वाढले तर मोटर जळण्याआधी फ्यूजच्या होल्डरपासून शोधायला सुरुवात करा.